इंटरनॅशनल बिझनेस शिकायचं आहे, पण जमिनीवर कर्ज काढून?

पत्र

ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात राहते. यंदा बारावी कॉमर्स ७८ टक्क्यांनी पास झाले. आमची चार एकर द्राक्षबाग आहे, बहुतेक माल बेदाण्याला जातो. थोडा ताजा माल एक्स्पोर्टवाल्याला देतो. मला बीबीए इंटरनॅशनल बिझनेस करायचंय. बीबीएची सीईटी दिली आहे. पण पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात सीईटीशिवाय जागा मिळतेय. फी वर्षाला साडेतीन लाख, होस्टेल वेगळं. तिथल्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, एक सेमिस्टर परदेशात असतं आणि पुढे मल्टिनॅशनलमध्ये नोकरी. दुसरा एक एजंट म्हणतो, थेट जर्मनीला जा, तिथे शिक्षण फुकट आहे. पप्पा जमिनीवर कर्ज काढायला तयार आहेत. मामा म्हणतात, साधं बी.कॉम. कर आणि सीएच्या मागे लाग, या डिग्रीला बाजारात कुणी विचारत नाही. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी बोलताना अडखळते. ही डिग्री खरंच कामाची आहे का? मला जमेल का? नाव छापू नका.

उत्तर

प्रिय मुली,

तुझ्या घरी निर्णय तोंडावर आलाय, म्हणून मुख्य उत्तर आधीच देते. विषय चांगला आहे, तुला जमेल, आणि तुझ्यासारख्या घरातल्या मुलीने तो शिकावा असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी जमीन बँकेकडे ठेवू नका. हा विषय त्याहून कितीतरी कमी पैशांत शिकता येतो, आणि महागडी फी भरली म्हणून तो जास्त चांगला शिकवला जातो असं नाही.

मी वाशीला एका फळं-भाजीपाला निर्यातदाराच्या ऑफिसात कागदपत्रांच्या टेबलावर नोकरीला लागले, नंतर याच विषयाच्या मुलांना शिकवलं. त्यामुळे या डिग्रीच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत: वर्गात काय सांगतात आणि बंदरावर काय लागतं.

तुझ्या पत्रात ‘इंटरनॅशनल’ म्हणजे परदेशी सेमिस्टर, मल्टिनॅशनल, जर्मनी. आणि त्याच पत्रात तू सहज लिहून गेलीस की थोडा ताजा माल एक्स्पोर्टवाल्याला देतो. तो थोडा माल बागेतून निघून कुठे जातो, हे एकदा सविस्तर बघू. ही डिग्री कशाची आहे ते त्यातून जास्त नीट कळेल.

युरोपला द्राक्ष पाठवायचं तर प्लॉटची नोंदणी दरवर्षी करावी लागते. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेची ग्रेपनेट नावाची व्यवस्था आहे, २००६ पासून. तिच्यामुळे पेटीवरच्या नंबरावरून माल कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटमधला, हे शोधता येतं. तोडणीआधी नमुना लॅबला जातो आणि औषधांचे अंश तपासले जातात. अहवाल बरा आला की तोडणी, पॅकहाऊस, प्रीकूलिंग, पेटीत सल्फर डायऑक्साइडचा पॅड, रीफर म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर आणि न्हावाशेवा बंदर. सोबत कागद निघतात: कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचं), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती). यातला एक कागद अडला की कंटेनर अडतो, आणि द्राक्ष थांबत नाही.

आता २०१० चा हंगाम. तुझ्या पप्पांना नक्की आठवत असेल. क्लोरमेक्वॅट क्लोराइड, आपल्याकडे शेतकरी ज्याला लिहोसीन म्हणतात, त्याचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिथे नाकारले गेले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते रसायनच नव्हतं. वेलीची वाढ आवरायला मारलेल्या औषधाचा हिशोब नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात झाला आणि त्याची किंमत नाशिक-सांगलीच्या शेतकऱ्याने मोजली. परक्या देशाचा कायदा आपल्या फवारणीच्या पंपापर्यंत येतो. हाच आंतरराष्ट्रीय व्यापार. पुस्तकात याला ‘नॉन-टॅरिफ बॅरिअर’, म्हणजे आयात शुल्काखेरीजचा अडथळा, म्हणतात आणि दोन परिच्छेदांत संपवतात.

दुसरी गोष्ट अलीकडची. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून मोठ्या शिपिंग कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, भाडं वाढलं, आणि हे सगळं नेमकं जानेवारी ते एप्रिलच्या द्राक्ष हंगामाच्या तोंडावर. समज, माल उशिरा पोचला आणि मणी देठापासून सुटू लागले. नुकसान कुणाचं?

याचं उत्तर करारातल्या तीन अक्षरांत असतं. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ मध्ये पहिल्यांदा हे नियम काढले, त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. सध्या २०२० ची आवृत्ती चालते आणि तिच्यात ११ अटी आहेत. सौदा ‘सीआयएफ रॉटरडॅम’ असेल तर रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा विकणारा भरतो. त्यामुळे बहुतेकांना वाटतं की तिथपर्यंतची जोखीमही त्याचीच. तसं नाही. माल न्हावाशेव्याला जहाजावर चढला की जोखीम घेणाऱ्याकडे गेली. भाडं कोण भरतो आणि जोखीम कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हे ज्याला कळलं त्याला या विषयाचा अर्धा गाभा कळला, असं मी मुलांना सांगायची.

पण इथेच पुस्तक आणि बाजार वेगळे होतात. युरोपला जाणारी बरीच द्राक्षं ठरलेल्या भावाने विकलेलीच नसतात. ती कन्साइनमेंटवर जातात: माल पोचल्यावर तिथे जो भाव मिळेल, त्यातून खर्च आणि कमिशन वजा करून उरलेले पैसे इकडे येतात. मग सीआयएफ असो की एफओबी (ज्यात भाडं घेणारा भरतो), उशिराचा फटका उलटा प्रवास करत निर्यातदाराकडे आणि तिथून शेतकऱ्याकडे येतो. तुझ्या पप्पांना एक्स्पोर्टवाल्याने कधी ‘भाव खाली आला’ असं सांगितलं असेल, तेव्हा करारात काय लिहिलं होतं, असा प्रश्न घरात कुणी विचारला होता का? करार होता का? तू शिकून आलीस तर तो प्रश्न विचारणारी घरातली पहिली माणूस तू असशील. या डिग्रीकडून मला तुझ्यासाठी काही हवं असेल तर ते हे.

म्हणून मामांचं ‘बाजारात कुणी विचारत नाही’ हे मला पटत नाही. मात्र त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती काउन्सेलर मॅडम सांगणार नाहीत. बीबीए इंटरनॅशनल बिझनेस ही रुंद आणि उथळ डिग्री आहे. थोडं अकाउंटिंग, थोडं अर्थशास्त्र, थोडं मार्केटिंग, परकीय चलन, सप्लाय चेन, कायदा, वेगवेगळ्या संस्कृतींतल्या लोकांशी कसं वागायचं त्यावर एक पेपर. प्रत्येक गोष्टीची ओळख होते, मुरत काहीच नाही. नुसत्या मार्कशीटवर बाहेर पडलेल्या मुलाला कंपनी विचारते, ‘तुला नक्की काय येतं?’ आणि तो गप्प बसतो. सीए झालेल्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मामांची भीती इथून येते आणि ती समजून घे.

त्यावरचा उपाय तीन वर्षं आधी सुरू करावा लागतो. या रुंद डिग्रीच्या खाली स्वतःहून खोल विहिरी खणायच्या. माझ्या मते तीन पुरतात: एक माल, कागद, आणि एक भाषा.

माल तुला घरातच मिळालाय. पुण्यात तुझ्या वर्गात असतील त्यांतल्या बहुतेक मुलांना कुठल्याच मालाची जात, प्रत, हंगाम, भाव काही ठाऊक नसेल. तुला रॅकवरचा बेदाणा हातात घेऊन तो कितव्या दर्जाचा आहे ते कळतं. थॉमसनचा आणि माणिक चमनचा फरक कळतो, डिपिंग बिघडलं की रंग कसा येतो ते माहीत आहे, तासगाव-सांगलीच्या सौद्यात भाव कशावर फिरतो हे जेवताना कानावर पडलंय. त्याच्यावर जगाची बाजू चढव. जगभर मालाला सहा आकडी एचएस कोड असतो, १९८८ पासून ही पद्धत आहे. ताज्या द्राक्षाचा ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०. भारतात त्यापुढे आणखी दोन आकडे लागतात. हा कोड हातात धरून वाणिज्य मंत्रालयाच्या आकडेवारीत शोध: बेदाणा भारतातून कुठल्या देशांना जातो, कुठल्या वर्षी वाढला, कुठे आटला. आपल्याला टक्कर तुर्की, इराण, अफगाणिस्तान यांची आहे. त्यांचा माल कुठल्या बाबतीत वेगळा पडतो? कॉलेजात दर सेमिस्टरला काही ना काही प्रोजेक्ट देतात आणि मुलं इंटरनेटवरून मोठमोठ्या कंपन्यांची माहिती उतरवून काढतात. तू प्रत्येक प्रोजेक्ट बेदाण्यावर कर. मार्केटिंगचा बेदाण्यावर, परकीय चलनाचा बेदाण्यावर, कायद्याचाही. तीन वर्षांनी तुझ्याकडे एका मालाचा असा अभ्यास असेल, जो मुलाखत घेणाऱ्याकडेही नसेल.

धोरणाचाही अभ्यास त्यातच येतो. कांद्याचं बघ. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. लासलगावच्या व्यापाऱ्याने या काळात परदेशातल्या गिऱ्हाइकाला कुठला शब्द द्यायचा होता? असले प्रश्न सोडवायला शिकणं म्हणजे हा विषय शिकणं.

आता कागद. याला लोक कारकुनी समजतात आणि इथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. लेटर ऑफ क्रेडिटवर (एलसी, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेने पैशांची दिलेली हमी) सौदा झाला तर बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. युसीपी ६०० नावाचे नियम आहेत, २००७ पासून लागू. त्याप्रमाणे बँकेला कागद तपासायला पाच कामाचे दिवस मिळतात आणि एका कागदातली माहिती दुसऱ्या कागदाशी विसंगत असली तर पैसे अडवता येतात. पॅकिंग लिस्टवर एक ग्रॉस वजन, बिल ऑफ लेडिंगवर दुसरं. माल उत्तम, पोचलाही वेळेवर, पण बँकेने विसंगती काढली. मग घेणारा फोन करतो: ‘मी कागद स्वीकारतो, पण भावात थोडं बघा.’ पडलेल्या बाजारात तो फोन हमखास येतो. मी शिकत होते तेव्हा आमच्या ऑफिसातले सीनिअर एक पट्टी घेऊन बसायचे. ती प्रत्येक कागदावर ओळीखाली ठेवून, बोलत-बोलत, दोघांनी मिळून ताडायचं: एकाने एलसी वाचायचा, दुसऱ्याने कागद. नाव, पत्ता, वजन, पेट्या, बंदर, तारीख. कंटाळवाणं काम आहे. पण ते ज्याला येतं त्याची जागा ऑफिसात कुणी घेऊ शकत नाही.

हे वर्गात येत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत न्हावाशेवा, वाशी किंवा पुण्यातल्या एखाद्या सीएचएच्या (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) नाहीतर फ्रेट फॉरवर्डरच्या (माल वाहतुकीची व्यवस्था लावणारा) ऑफिसात जाऊन बस. स्टायपेंड किती, हे विचारू नकोस. शिपिंग बिल स्वतः भरायला देणार का, ते विचार. कॉलेज इंटर्नशिप देतं म्हणतं, तेव्हा कित्येकदा ती एखाद्या कंपनीत एक्सेलमध्ये याद्या भरण्याची असते. तसली घेऊ नकोस. सीएचएच्या कामाची गोडी लागली तर तो स्वतंत्र रस्ताच आहे: कस्टम्स खात्याची परीक्षा देऊन जी-कार्ड, पुढे अनुभव घेऊन आणि आणखी एक परीक्षा देऊन स्वतःचं लायसन्स. या धंद्यात मुली कमी दिसतात, कारण बंदराचं काम, रात्री-बेरात्रीचे फोन. पण आता बरंचसं काम ऑनलाइन झालंय, आणि मी ज्यांना शिकवलं त्यातल्या मुली हे काम फार नेटकं करतात.

भाषेचं तू लिहिलंच नाहीस, इंग्रजीचं तेवढं लिहिलंस. तिसरी भाषा घे आणि ती तोंडदेखली नको. बऱ्याच अभ्यासक्रमांत परदेशी भाषेचा एखाद-दुसरा पेपर असतो. त्याने ‘गुड मॉर्निंग’ आणि आकडे येतात, भाषा येत नाही. पुण्यात शिकायचा मोठा फायदा हा की मॅक्स म्यूलर भवन, आलियाँस फ्राँसेज आणि विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे आपलं रानडे इन्स्टिट्यूट, हे सगळं एका शहरात आहे. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्या आहेत, जपानीही आहेत. जर्मन बी टू पर्यंत किंवा जपानी एन थ्रीपर्यंत, म्हणजे कामात वापरता येईल अशा पातळीपर्यंत, नेलंस, तर इंटरनॅशनल बिझनेसच्या पदवीला अर्थ येतो. पहिल्याच वर्षी सुरू कर. शेवटच्या वर्षी सुरू केलेली भाषा ए वनवर, म्हणजे पहिल्याच पायरीवर, राहते.

आता कॉलेज आणि पैसे. इथे मी जरा ठासून बोलणार आहे.

२०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांची सीईटी सुरू केली. तू ती दिली आहेस, म्हणजे कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून संलग्न कॉलेजात जायचा दरवाजा तुला उघडा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा बीबीए इंटरनॅशनल बिझनेस हा जुना अभ्यासक्रम आहे, पुण्यात कित्येक कॉलेजांत चालतो. काही कॉलेजांनी सीईटीच्या भानगडीत न पडता कोर्सचं नावच बदललं, तेव्हा फॉर्म भरताना पदवीवर नक्की काय छापून येणार, ते नीट बघ.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यात शंभर टक्के सवलत मिळते. खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. याचा अर्थ कळतोय ना? चार एकरवाल्या घरातली मुलगी, जी बहुधा या नियमात बसेल, तिला सीईटीशिवाय जागा देणारं विद्यापीठ साडेतीन लाख मागतंय. आणि ज्या परीक्षेला तू बसलीच आहेस, तिच्या रस्त्याने गेलीस तर शिक्षण शुल्क माफ होण्याची शक्यता आहे. तुझा प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला आणि निवडलेल्या कॉलेजच्या त्या कोर्सला ही सवलत लागू आहे का, या तीन गोष्टी कॉलेजच्या ऑफिसात लेखी विचारून घे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. तलाठ्याकडचा आणि तहसीलचा कागद आत्ता, याच आठवड्यात कर. प्रवेशाच्या दिवसांत सेतूत रांग लागते. होस्टेल, मेस, पुस्तकं यांचा खर्च उरतोच, पण तो घरच्यांना झेपणारा आकडा आहे.

तरीही खासगी विद्यापीठ मनात घोळत असेल, तर काउन्सेलर मॅडमना काही गोष्टी विचार आणि उत्तरं ई-मेलवर माग. एक्स्पोर्ट-इम्पोर्ट प्रोसीजर कोण शिकवतं, त्या माणसाने कधी कंटेनर पाठवलाय का? परदेशातलं सेमिस्टर सगळ्यांना मिळतं की निवडक मुलांना, आणि त्याचा विमान, व्हिसा, राहण्याचा खर्च या साडेतीन लाखांत धरलाय का? माझ्या पाहण्यात तो नेहमी वेगळा असतो. मागच्या बॅचची मुलं नोकरीला कुठल्या कामावर लागली? कंपनीचं नाव नको, काम विचार. मोठ्या बँकेत लागलेला मुलगा ट्रेड फायनान्सच्या टेबलावर आहे की क्रेडिट कार्ड विकतोय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींशी कॉलेजच्या माणसांना बाजूला ठेवून बोल. त्या खरं सांगतात.

जर्मनीच्या एजंटचं थोडक्यात सांगते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, हे खरं. पण आपल्या बारावीवर तिथे सहसा थेट पहिल्या वर्षाला घेत नाहीत. इथे पदवीचं एक वर्ष पूर्ण करून जावं लागतं किंवा तिकडे श्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष करावं लागतं. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) आधी भरून ठेवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. आणि पदवीला इंग्रजीतून इंटरनॅशनल बिझनेस शिकवणारी, एजंट ज्यांची नावं घेतात ती विद्यापीठं बहुधा खासगी असतात आणि तिथे फी असते. एजंटला कमिशन तिथूनच मिळतं. ‘फुकट’ हा शब्द तो कुठल्या विद्यापीठाबद्दल वापरतोय, ते नाव कागदावर लिहून माग. जर्मनी तुला पुढे खुणावली तर मास्टर्सला जा, तेव्हा तुझी भाषाही तयार असेल.

नेदरलँड्सबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या उपयोजित विज्ञान विद्यापीठांत इंटरनॅशनल बिझनेस हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात इंटर्नशिप आणि दुसऱ्या देशातलं सेमिस्टर ही अभ्यासक्रमाच्या आतच असतात. ज्या देशाच्या बंदरात आपली द्राक्षं उतरतात, तो देश हा विषय कसा शिकवतो, ते त्यांच्या वेबसाइटवर जाऊन वाच. जायची गरज नाही, युरोपबाहेरच्या मुलांना फी भरपूर आहे. पण प्रत्येक वर्षी मुलांकडून काय करून घेतात ते बघितलंस, तर स्वतःसाठी तशी आखणी करता येईल.

मामांच्या बी.कॉम.चं काय? कॅपमधून मनासारखं मिळालं नाही तर सांगलीत राहून अनुदानित कॉलेजात बी.कॉम. करणं मला अजिबात कमीपणाचं वाटत नाही. मालाची विहीर तिथे जास्तच खोल जाईल, कारण मार्केट यार्ड आणि कोल्ड स्टोरेज हाकेच्या अंतरावर. पदव्युत्तर शिक्षणाला दोन्ही पदव्या चालतात. दिल्लीची आयआयएफटी १९६३ पासून याच विषयासाठी आहे, प्रवेश कॅट या परीक्षेतून. पुण्यात सिम्बायोसिसची एसआयआयबी आहे, ती स्नॅप या परीक्षेतून घेते. कुठल्याही पदवीनंतर तिथे जाता येतं. सीएला माझा विरोध नाही, पण तो वेगळा पिंड आहे. तुझ्या पत्रात हिशोबाची ओढ कुठे दिसली नाही. माल कुठे जातो याची दिसली.

इंग्रजी. या कामातलं इंग्रजी कागदावरचं आहे, ठरावीक शब्दांचं, ठरावीक वाक्यांचं. दीडेकशे शब्द आणि पत्रांचे वीसेक नमुने आले की ऑफिसचं काम चालतं. बोलण्याचं वेगळं. त्याला रोज बोलायला माणूस लागतं आणि पुण्याच्या होस्टेलवर केरळची, गुजरातची, ईशान्येकडची मुलगी रूममेट मिळाली तर वर्षभरात जीभ सैल होते. रूम निवडायची मुभा मिळाली तर गावाकडच्या मैत्रिणींबरोबर राहायचा मोह टाळ. आणि लक्षात ठेव, तुझ्या मालाचा गिऱ्हाईक ढाक्याचा, मॉस्कोचा, दुबईचा असेल. त्याचंही इंग्रजी शाळेत शिकलेलंच असतं.

शेवटी तुझ्या पप्पांसाठी चार ओळी, त्यांना वाचून दाखव.

दादा, मुलीच्या शिक्षणासाठी जमीन पुढे करायची तयारी तुम्ही दाखवलीत, ही तुमची माया मला दिसते. पण द्राक्षाचं पीक किती बेभरवशाचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. छाटणीनंतर एक अवकाळी आली की त्या वर्षीचा हप्ता तुंबतो. कर्ज काढावंच लागलं, तर होस्टेल आणि भाषेच्या क्लासपुरतं शैक्षणिक कर्ज काढा; साडेसात लाखांच्या आतल्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा जमीन तारण मागत नाहीत. त्यापेक्षा आणखी एक काम करा. डीजीएफटी म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर पाचशे रुपये फी भरून आयात-निर्यात कोड निघतो, तो तुमच्या पॅनवर काढून ठेवा. अर्ज मुलीला भरू द्या. लगेच कुणी माल परदेशी पाठवा म्हणत नाही. पण पुढच्या तीन वर्षांत तिने अपेडाची नोंदणी काय असते, बँकेचा एडी कोड बंदरावर कसा नोंदवतात, हे घरच्याच नावावर एकेक करून शिकावं. आणि यंदा एक्स्पोर्टवाला माल बघायला बागेत येईल, तेव्हा तिला समोर बसवा. दर, वजन, तूट, पैसे किती दिवसांत, आणि परत आलेल्या मालाचं काय, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं काम तिच्याकडे द्या.